न दिसलेला शब्द आणि त्याआधीचे काम

पडद्यावर 'वल्हे' हा शब्द जेमतेम 33 मिलिसेकंद झळकला आणि त्याच जागी लगेच निरर्थक अक्षरांची रांग उमटली, तर बहुतेकांना शब्द दिसतच नाही. तरीही पाठोपाठ आलेला 'होडी' ते किंचित लवकर ओळखतात. याला प्राइमिंग म्हणतात आणि शब्द झाकणाऱ्या रांगेला मास्क.

ही प्रक्रिया पूर्णपणे आपोआप घडते, लक्षाचा तिच्याशी संबंध नाही, असे बरीच वर्षे मानले जाई. 2002 मध्ये लिओनेल नकाश, स्तानिस्लास दहाँ आणि सहकाऱ्यांनी या समजाला धक्का दिला. समोरचा आकडा 5 पेक्षा लहान की मोठा, एवढेच सांगायचे होते. त्याआधी एक लपवलेला आकडा झळके. आकडा केव्हा येणार याचा अंदाज असला, तरच लपलेल्या आकड्याचा परिणाम दिसला. लक्ष त्या क्षणावर नसले की परिणाम नाहीसा.

2010 मध्ये मार्कुस कीफर आणि उला मार्टेन्स यांनी आणखी नेमका प्रश्न विचारला: लपलेला शब्द येण्याच्या लगेच आधी माणूस काय करत होता? कधी त्याने शब्दाच्या अर्थावर निर्णय घेतलेला असे, कधी अक्षरांच्या आकारावर. मग लपलेला शब्द, आणि शेवटी समोर आलेली अक्षरे खरा शब्द आहेत की नाही, हे सांगायचे. मेंदूतील विद्युत लहरींमध्ये शब्दानंतर सुमारे 400 मिलिसेकंदांनी अर्थाशी निगडित ऋण लहर येते, एन-400. अर्थाच्या कामानंतर तिच्यातील प्राइमिंग वाढले, आकाराच्या कामानंतर घटले. आधीचे काम ज्या मार्गांना चालना देते, तेच मार्ग न दिसलेल्या शब्दालाही जास्त प्रतिसाद देतात, असे त्यांचे स्पष्टीकरण. जाहिरातीत शब्द लपवून कुणालाही काहीही विकता येते, ही समजूत यापुढे फारच भाबडी वाटते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या महाविद्यालयात हे मराठीत करून पाहता येईल. विद्युत लहरी मोजता येणार नाहीत. उत्तराला लागलेला वेळ मात्र सायकोपाय या मोफत प्रणालीने मोजता येतो. आधीच्या कामासाठी दोन प्रश्न पुरतात: 'वस्तू सजीव आहे का?' आणि 'शब्दात वेलांटी आहे का?' शब्दांच्या जोड्या विद्यार्थ्यांच्या ओळखीच्या हव्यात. बांगडा–सुरमई ही जोडी मालवणात जितकी घट्ट, तितकी ती घाटावर असेलच असे नाही. 'होडी' कुणाला 'वल्हे'नंतर, तर कुणाला 'पायरी'नंतर दाखवावा, म्हणजे फरक 'होडी'मुळे पडला अशी शंका उरत नाही. खोटे शब्दही उच्चारता येण्याजोगे हवेत, 'रुसमई'सारखे. नाहीतर अर्थापर्यंत न जाताच उत्तर देता येते.

घोळ बहुधा पडद्यावर होतो. 60 हर्ट्झचा पडदा सेकंदाला 60 वेळा चित्र बदलतो; त्यातले एक चित्र, म्हणजे एक चौकट, 16.7 मिलिसेकंदांची असते, म्हणून दोन चौकटींचे 33 मिळतात, 30 मागितले तरी मिळत नाहीत. मास्क म्हणून नुसती '####' रांग टाकली, तर शिरोरेषेवरच्या मात्रा आणि खालचे उकार डोकावतात. मास्कमध्येही मात्रा-उकार असलेली देवनागरी अक्षरे घ्यावीत, आणि तो मूळ शब्दापेक्षा थोडा रुंद ठेवावा. फॉन्ट चुकला की जोडाक्षरे सुटी पडतात, तेही आधीच तपासावे. दुपारच्या उन्हाची तिरीप पडद्यावर येत असेल, तर खिडक्या झाकून प्रकाश सर्वांसाठी सारखा ठेवावा.

शेवटी दृश्यतेची चाचणी: लपलेला शब्द सजीवाचा होता की निर्जीवाचा, हे अंदाजाने विचारायचे. दोन्ही प्रकार निम्मे-निम्मे असले, तर न दिसणाऱ्याची उत्तरे 50 टक्क्यांच्या आसपास राहतात. इथे एक मोह होतो, जास्त गुण मिळालेल्यांना वगळून उरलेल्यांवर निष्कर्ष काढण्याचा. पण उरलेल्यांपैकी काहींना शब्द अर्धवट दिसलेला असतो आणि गुण नशिबाने कमी पडलेले असतात. त्यांच्यात दिसणारे प्राइमिंग नेणिवेचे म्हणता येत नाही. कुणाला वगळण्यापेक्षा मास्कच इतका पक्का करावा, की वगळावे लागणारे फार कमी उरतील.