कल्याणची कोंडी आणि भडोचचा पहारा: पार्श्वभूमी

इसवी सनाच्या पहिल्या शतकात दख्खनचा माल पश्चिमेकडे कोणत्या बंदरातून जात होता, या प्रश्नाचा नकाशावरचा विचार नाणेघाटाच्या बाजूने कौल देतो. माथ्यावर जुन्नर, पायथ्यापलीकडे कल्याण आणि सोपारा, देशावर आतमध्ये पैठण आणि तेर, असा हा सरळ उतार आहे. तरीही त्या काळातल्या ग्रीक भाषेतील 'पेरिप्लस' या व्यापारी मार्गदर्शिकेनुसार पैठणचा अकीक आणि तेरचे साधे कापड व मलमल हा माल धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून गुजरातेतील भडोच बंदराला नेला जाई. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या आणि पैठणहून तेर आणखी दहा दिवसांच्या अंतरावर होते.

या उलट्या वाटेचे कारण त्याच मार्गदर्शिकेत आहे आणि वादही तिथेच आहे. कल्याण हे एका आधीच्या राजाच्या काळात रीतसर मान्यता असलेले बंदर होते. पुढे ते दुसऱ्याच्या ताब्यात गेल्यावर तेथील व्यवहारात मोठे अडथळे आले आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे ती सांगते. हा नवा धनी कोण, यावर एकमत नाही. काही अभ्यासक मार्गदर्शिकेत दिलेल्या त्याच्या नावात एक सातवाहन राजा पाहतात. मग हे निर्बंध सातवाहनांचेच ठरतात किंवा ती गलबते शत्रूने परस्पर पळवली असे मानावे लागते. दुसऱ्या मतानुसार कल्याण तेव्हा सातवाहनांच्या हातून गेलेच होते. हेच मत अधिक पटते, कारण भडोच सातवाहनांचे शत्रू असलेल्या क्षहरात घराण्यातील क्षत्रपांचे, म्हणजे शक राजांचे, होते आणि आपली जकात शत्रूच्या बंदरात पोहोचवण्याची व्यवस्था कोणताही राजा सहसा करणार नाही.

ही कोंडी कायमची मानणे मात्र चूक आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या १३,००० हून अधिक क्षत्रप नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर विजेत्या सातवाहन राजाने आपला छाप पुन्हा उठवला होता, आणि काहींवर त्याखालचा जुना चेहरा अजूनही डोकावतो. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे व्यापारी दाते म्हणून भेटतात. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एका व्यापाऱ्याने कल्याणची गणना मोठ्या बंदरांत केली आणि तेथील ख्रिस्ती बिशप इराणहून नेमला जातो, अशी नोंद ठेवली.

पुढच्या शतकांचा पुरावा अधिक बोलका आहे, म्हणून त्याकडे झालेले दुर्लक्ष खटकते. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेल्या ९२६ सालच्या ताम्रपटावरून राष्ट्रकूटांनी संजाणचा कारभार एका ताजिक, म्हणजे अरब किंवा इराणी वंशाच्या, मुसलमान अधिकाऱ्याकडे सोपवल्याचे कळते. त्याने नदी ओलांडण्यासाठी मोफत नाव आणि भात, कालवण व तूप वाढणारे अन्नछत्र सुरू केले होते. शिवाय ताम्रपटातील मूळ दान एका हिंदू मठाला आहे. याच सुमारास चौलमध्ये सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथील मुसलमान मोठ्या संख्येने राहत असल्याचे एका अरब प्रवाशाने लिहिले.

घाटवाटाही ओस पडल्या नाहीत. १४६९ च्या सुमारास एक रशियन व्यापारी विक्रीचा घोडा घेऊन होर्मुझच्या बाजूने समुद्रमार्गे चौलला उतरला आणि पालीवरून जुन्नरला चढला. तेथील बहामनी सुभेदाराने घोडा जप्त करून धर्मांतराची अट घातली. एका खुरासानी अधिकाऱ्याने रदबदली केल्यावर घोडा सुटला आणि तो व्यापारी बीदरकडे निघाला.