व्यायाम आणि मनोधारणा (ग्रामीण विदर्भ)

आपले शरीर, दम आणि मेहनत यांविषयी मनात घट्ट बसलेली समजूत म्हणजे व्यायामाची मनोधारणा. व्यायाम सुरू होतो का आणि पुढे टिकतो का, हे बरेचसे तिच्यावर ठरते.

‘दिवसभर वावरात राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला?’ ही विदर्भातल्या खेड्यांत सर्रास ऐकू येणारी समजूत. तिच्यात तथ्य आहे. अमेरिकेत २००७ साली अ‍ॅलिया क्रम आणि एलेन लँगर यांनी हॉटेलांच्या खोल्या साफ करणाऱ्या ८४ महिलांचा अभ्यास केला. ‘तुमचे काम हाच व्यायाम’ असे ज्यांना सांगितले, त्यांचे वजन व रक्तदाब ४ आठवड्यांत थोडे उतरले. २०११ च्या तशाच प्रयोगात मात्र फरक दिसला नाही. नुसत्या समजुतीवर विसंबू नये. शिवाय कापूस वेचताना कमरेला ओटी बांधून तासन्‌तास वाकावे लागते. त्यात पाठ थकते, पण धाप लागत नाही. वेचणाऱ्या बाईने दर अर्ध्या तासाने उभे राहावे, कमरेवर हात ठेवून ५ ते १० वेळा हळूच मागे झुकावे.

‘दम उपजतच असावा लागतो’ ही समजूत जास्त घातक. पोलीस भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. सडकेच्या कडेला २०० मीटरचे दगड असतील तर ८ टप्प्यांत १६०० मीटर भरतात. बहुतेक मुले रोज पहाटे घड्याळ लावून पूर्ण अंतर जीव तोडून धावतात. काही आठवड्यांत वेळ कमी होणे थांबते, नडगी दुखू लागते आणि ‘माह्यात दमच नाही’ म्हणून पोरगा सराव सोडतो. खरे तर कमी पडलेली असते विश्रांती. आठवड्यातून २ दिवस ४०० मीटरच्या ४ फेऱ्या, मध्ये २ मिनिटे चालणे. ३ दिवस बोलता येईल इतक्या संथ गतीने २० ते ३० मिनिटे. पूर्ण अंतराची वेळ १५ दिवसांतून एकदाच घेऊन वहीत लिहावी. ‘मला जमते’ हा विश्वास सर्वाधिक वाढतो तो स्वतः करून दाखवल्याने, असे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले. वहीतला उतरता आकडा हेच काम करतो.

नव्या व्यायामानंतर १ ते ३ दिवस स्नायू ठणकतात, ती इजा नव्हे. हाडावर एकाच जागी टोचत असेल तर मात्र धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

भरती झाली की अनेकांचे धावणे सुटते, कारण ते गुणांसाठीच असते. सोबत्यांसह मजेने धावणारे टिकतात. सोयाबीन सोंगणीत खाडा होतोच. तेव्हा पूर्ण बंद करण्यापेक्षा १० मिनिटे तरी ठेवावीत. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून सराव सकाळी ६ च्या आत उरकावा.