पेल्याला कोणाची दृष्ट लागली?

जानेवारीतली सकाळ. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी पोहे-जलेबी आटोपली आणि मामींनी ओट्यावर गारठलेल्या काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला. टण्ण! बूड ओट्यावर, वरचा पेला हातात.

"दृष्टच लागली. नवा कोरा सेट होता!"

सेट तीन वर्षांचा होता. दृष्टीपेक्षा मला ही तीन वर्षं महत्त्वाची वाटतात.

चहा पडताच आतली बाजू फुगू पाहते, बाहेरची थंडच राहते आणि ताणली जाते. उष्णता काचेतून रमतगमत जाते, म्हणून जाड बुडाचे पेले आधी दगा देतात. पण एवढ्याशा ताणानं काच फुटावी का? सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या बंधांची ताकद धरून हिशेब केला, तर काच साध्या पोलादाला भारी पडायला हवी. प्रत्यक्षात ती त्या हिशेबाच्या शंभराव्या हिश्श्यातच हात टेकते.

हे कोडं सुटलं ओरखड्यापाशी. पत्र्यात भोक असेल तर ताण त्याच्या कडेशी एकवटतो. गोल भोकाच्या कडेला तो तिप्पट होतो. भोक लंबगोल, ओढीला आडवं आणि रुंदीच्या दहापट लांब असेल तर टोकाशी एकवीसपट! हे गणित 1913 मध्ये चार्ल्स इंग्लिसनं मांडलं. आता चीर घ्या, जिचं टोक जवळपास अणूएवढं तीक्ष्ण. पेल्याला जाणवतही नाही असा ताण त्या टोकावरच्या बंधाला मात्र तोडून टाकतो. मग पुढचा बंध टोकावर येतो.

मग प्रत्येक ओरखड्यासरशी काच का फुटत नाही? ॲलन ग्रिफिथनं 1921 मध्ये याचा जमाखर्च मांडला. चीर वाढली की दोन नवे पृष्ठभाग तयार होतात. त्याला लागणारी ऊर्जा चिरेच्या लांबीच्या प्रमाणात वाढते. उलट ताण सैल होऊन सुटणारी ऊर्जा लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. लांबी दुप्पट, तर खर्च दुप्पट पण जमा चौपट. म्हणजे एका ठरावीक लांबीपर्यंत चीर गप्प बसते. ती ओलांडली की कोणी ढकलायला नको, सेकंदाला सुमारे दीड किलोमीटरपर्यंत वेग घेते. स्टीलच्या पेल्यात अणू एकमेकांवरून सरकतात, टोक बोथट होतं, फार तर पोचा पडतो. काचेत ही सरकासरकी जवळजवळ नाहीच.

कॉलेजच्या लॅबमध्ये आमचे असिस्टंट काचनळीवर त्रिकोणी कानशीनं एक चरा ओढत, त्याला थुंकी लावत आणि अंगठे टेकवून नळी मोडत. आम्ही नाकं मुरडायचो. पण पाण्याचा रेणू चिरेच्या टोकाशी शिरून ताणलेला बंध तोडायला खरंच मदत करतो. हवेतली ओलही पुरते. म्हणून काल ठेचकाळलेला पेला आज, कोणी हात न लावता, फुटू शकतो. अशा वेळी अपशकुन शोधत पंचांग उघडण्यापेक्षा भिंग आणावं. 'अनब्रेकेबल' म्हणून विकतात त्या टेम्पर्ड काचेतही जादू नाही: तिचा पृष्ठभाग कायम दाबाखाली असतो, चिरेचं तोंड मिटलेलं राहतं, बस. कडेवर नेमका घाव बसला की तिचेही दाणे होतात.

आमच्याकडे पेले तारेच्या घासणीनं घासले जात. उरलेल्या पाचांवरून नख फिरवून पाहिलं. दोघांच्या काठाशी ते अडकतं. त्या दोघांत आता बडीशेप आहे.