आठवीत बीजगणित कुणाला? अमेरिकेतल्या एका वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या बहुतेक शाळांत गणित ओळीने शिकवतात: एक वर्ष बीजगणित, मग भूमिती, मग बीजगणिताचा दुसरा भाग, मग प्रीकॅलक्युलस (कॅलक्युलसची पूर्वतयारी) आणि शेवटी कॅलक्युलस, म्हणजे कलनशास्त्र. बारावीत कॅलक्युलस हवं असेल, तर आठवीत बीजगणित व्हायला हवं आणि त्यासाठी सहावी-सातवीतच पुढच्या तुकडीत जागा मिळायला हवी. अकरा-बारा वर्षांच्या मुलाबद्दलचा हा निर्णय इतका दूरवर पोचतो, म्हणूनच तो कोण घेतं यावर तिथे वर्षानुवर्षं भांडण आहे.

१८९२ साली शालेय अभ्यासक्रम ठरवण्यासाठी नेमलेल्या ‘दहा जणांच्या समिती’ने पद्धतशीर बीजगणितासाठी साधारण चौदावं वर्ष सुचवलं होतं. १९५७ मध्ये सोव्हिएत उपग्रह स्पुटनिक आकाशात गेला आणि हुशार मुलं लवकर हेरण्याची घाई सुरू झाली. १९६९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी एका तेरा वर्षांच्या मुलाला थेट कॉलेज प्रवेशाची सॅट परीक्षा द्यायला लावली. त्यामागचा विचार साधा होता. वर्गाच्या पेपरात सगळ्याच हुशार मुलांना जवळपास पैकीच्या पैकी पडतात. कोण किती पुढे आहे ते कळायला पेपरच वरच्या इयत्तेचा लागतो. यातूनच १९७१ मध्ये त्यांचा गणिती प्रतिभेचा दीर्घ अभ्यास उभा राहिला.

पण ही पद्धत मोजक्या मुलांसाठी होती. बाकीच्यांचं काय, हे विचारलं बॉब मोझेस यांनी. साठच्या दशकात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करताना त्यांनी मार खाल्ला होता. १९८२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला त्यांची मुलगी आठवीत आली, तर शाळेत बीजगणितच नव्हतं. ते स्वतः वर्गात जाऊन शिकवू लागले. तिथे त्यांना दिसलं की ‘हुशार’ आणि ‘कच्चे’ हे गट वंश आणि घरची परिस्थिती यांच्या रेषेवरच पडले होते. मतदानासारखाच बीजगणितावरही प्रत्येकाचा हक्क आहे, ही त्यांची मांडणी मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते.

पुढे तिचा अतिरेकही झाला. १९९७ च्या कॅलिफोर्नियाच्या अभ्यासक्रमाने आठवीत बीजगणित हेच उद्दिष्ट धरलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटमध्ये बरीच मुलं सरसकट आठवीतच बीजगणितात ढकलली गेली. संशोधकांनी पाहिलं तेव्हा अशा मुलांचे बीजगणिताचे गुण उतरले होते आणि पुढे भूमितीत टिकण्याची शक्यताही घटली होती. अपूर्णांक आणि गुणोत्तर डळमळीत असताना ‘क्ष’ची किंमत काढायला बसवलेलं मूल वर्षभर पाठांतरावर तगतं. उलट टोकही पाहून झालं: सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये आठवीतलं बीजगणित सर्वांसाठीच काढून टाकलं आणि २०२४ मध्ये ते परत आणायचं ठरवलं.

अलीकडचे कायदे बोलतात ते तुकडी ठरवण्याच्या रीतीबद्दल. नॉर्थ कॅरोलायनात २०१८ पासून राज्य परीक्षेत सर्वोच्च स्तर मिळवणाऱ्याला प्रगत वर्ग नाकारता येत नाही. टेक्ससच्या २०२३ च्या कायद्याने पाचवीतली वरची ४० टक्के मुलं सहावीच्या प्रगत गणितात आपोआप जातात. नको असेल तर पालकांनी तसं कळवायचं. शिक्षकाची शिफारस किंवा पालकांची ओळख नसलेल्या मुलांना याचा खरा आधार आहे. मात्र त्याला कॅलिफोर्नियाच्या २०१५ च्या कायद्यातली एक अट जोडायला हवी: नववीत तुकडी ठरल्यावर पहिल्या महिन्याभरात ती बरोबर आहे का, हे शाळेने पुन्हा तपासायचं.