तालुक्याचा डॉक्टर आणि परिषदेचं व्यासपीठ

दिवाळी सरली की जिल्ह्याजिल्ह्यांत डॉक्टरांच्या कॉन्फरन्स सुरू होतात. रविवारी सकाळी साडेआठला हॉलबाहेर टेबलं मांडलेली असतात. गळ्यात अडकवायचं कार्ड आणि कापडी पिशवी घ्यायची, रजिस्टरवर सही करायची, गरम उपमा खाऊन आत जाऊन बसायचं. दिवस संपला की ठरलेले क्रेडिट पॉइंट नावावर जमा होतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पाच वर्षांत असे ३० पॉइंट जमले की नोंदणीचं नूतनीकरण होतं. मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो आणि आमच्या डॉक्टर संघटनेच्या शाखेच्या कॉन्फरन्सच्या कामात असतो. नव्याने दवाखाना टाकलेले डॉक्टर मला दर वर्षी विचारतात, "सर, हे सगळं पॉइंटसाठीच ना?" त्यांना चहाच्या वेळेत सांगून पुरत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

पॉइंटचा नियम अगदी अलीकडचा आहे. अशा सभा मात्र आपल्याकडे जवळजवळ दोनशे वर्षं भरत आल्या आहेत.

इंग्लंडात १८३२ साली वुस्टर इथे डॉ. चार्ल्स हेस्टिंग्ज यांनी लंडनबाहेरच्या डॉक्टरांना एकत्र बोलावलं आणि संस्थेच्या नावातच 'प्रांतिक' हा शब्द घातला. ब्रिटिश मेडिकल असोसिएशन पुढे त्यातूनच उभी राहिली. तीनच वर्षांनी, १८३५ मध्ये, मुंबईत 'बॉम्बे मेडिकल अँड फिजिकल सोसायटी' निघाली. चार्ल्स मोरहेड हे त्यातलं पुढाकाराचं नाव. कंपनी सरकारचे सर्जन इलाख्यात दूरदूर विखुरलेले होते. इथला ताप, इथली हगवण, इथला पटकी त्यांनी विलायतेत शिकलेल्या पुस्तकांत नव्हता. ज्याला जे दिसलं ते त्याने लिहून पाठवायचं, सभेत ते वाचलं जायचं आणि मग छापलं जायचं. या सभेचं सगळं काम इतकंच होतं. वाटायला साधं आहे, पण विभागीय परिषदेचा गाभा मला आजही तोच वाटतो: आपल्या भागातला रोगी पुस्तकात सापडत नसेल, तर तो एकमेकांना दाखवायचा.

१८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. मोरहेड त्याचे पहिले प्राचार्य. १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात भाऊ दाजी लाड होते. भाऊंनी पुढे महारोगावर कडू कवठीच्या बियांच्या तेलाचे प्रयोग केले. ही झाडं आपल्या सह्याद्रीतलीच. औषधाचा तपशील बराच काळ उघड न केल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. भाऊंबद्दलचा आदर तसूभरही कमी न करता मी तरुणांना ही गोष्ट सांगतो. औषध चार जणांसमोर मांडलं, त्यांनी आपापल्या रोग्यांना देऊन पाहिलं, उणं-अधिक सांगितलं, तरच ते विद्येत जमा होतं.

त्याच कॉलेजात पुढे मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्ग चालले, हे आज फारसं कुणाला ठाऊक नसतं. हॉस्पिटल असिस्टंट म्हणून गावोगाव जाणारी माणसं त्यात तयार होत. डॉ. सखाराम अर्जुन हे त्या काळचे नावाजलेले डॉक्टर, ग्रँट कॉलेजात शिकवणारे, वनस्पतींचे जाणकार, रखमाबाईंचे सावत्र वडील. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८३ मधल्या संस्थापकांत जे दोन भारतीय होते, त्यांतले ते एक. आमच्या कॉन्फरन्समध्ये आजही स्लाइड इंग्रजी आणि भाषण इंग्रजी. खालच्या रांगेत बसलेली परिचारिका निम्मं समजून घेते आणि निम्मं सोडून देते. दीडशे वर्षांपूर्वी शरीरशास्त्र मराठीत शिकवता येत होतं, तर विषबाधेचे प्राथमिक उपचार आज मराठीत का मांडता येऊ नयेत? मला हे मनापासून खटकतं.

१८८३ मध्येच मुंबईत 'बॉम्बे मेडिकल युनियन' स्थापन झाली. सरकारी वैद्यकीय सेवेतल्या वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांकडे, तेव्हा बाहेर प्रॅक्टिस करणाऱ्या देशी डॉक्टरांना स्वतःचं व्यासपीठ हवं होतं. शास्त्राची चर्चा आणि हक्कांची मागणी दोन्ही तिथे एकाच छपराखाली चालत.

या खासगी डॉक्टरांची नजर किती मोलाची होती ते १८९६ मध्ये दिसलं. मांडवी भागात तापाने माणसं मरत होती, काखेत आणि जांघेत गाठी येत होत्या. डॉ. अकासिओ व्हिएगस मूळचे गोव्याच्या हडफड्याचे, ग्रँट कॉलेजात शिकलेले, त्या वस्तीत फिरून रोगी पाहणारे आणि महापालिकेचे सदस्यही. हा गाठीचा प्लेग आहे, असं त्यांनी सप्टेंबरमध्ये जाहीरपणे सांगितलं. त्यानंतर जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले, ग्रँट कॉलेजच्या आवारात त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था. धोबी तलावावरून जाताना व्हिएगस यांचा पुतळा दिसतो. शक्य असेल तर एकदा थांबून पाहावा.

मोठ्या परिषदाही याच काळात सुरू झाल्या. १८९४ च्या डिसेंबरात कलकत्त्याला पहिली इंडियन मेडिकल काँग्रेस झाली, १९०९ च्या फेब्रुवारीत मुंबईला बॉम्बे मेडिकल काँग्रेस. १९२८ मध्ये कलकत्त्यातच अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तीच आजची इंडियन मेडिकल असोसिएशन, म्हणजे आयएमए. केईएम आणि जी. एस. मेडिकल कॉलेजचे पहिले डीन जीवराज मेहता हे तिच्या आघाडीच्या माणसांपैकी. १९४४ मध्ये फिजिशियन लोकांची असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया आली. आज आपण मास्टाकॉन, मॅपिकॉन म्हणतो, त्या राज्य पातळीवरच्या परिषदा या दोन झाडांच्याच फांद्या. देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानेही सांगितलं होतं की पदवी घेतल्यावर डॉक्टरचं शिक्षण थांबता कामा नये, त्याला अधूनमधून उजळणी हवी. पण त्याची सक्ती व्हायला पुढे अर्धं शतक गेलं.

आता माझ्या भागाकडे येतो.

कोकणात लाल विंचू चावला की माणूस वाचेलच असं नसायचं. इथल्या रुग्णांची १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेली एक नोंद आहे: ७८ पैकी २३ दगावले. दंशानंतर आधी ओकाऱ्या, मग दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार. काही तासांत रक्तदाब भडकतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं आणि तोंडाला फेस येतो. घरचे तोवर मांत्रिकाकडून विंचू उतरवून आलेले असायचे. १९७६ मध्ये जालना जिल्ह्यातला एक तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला, डॉ. हिंमतराव बावस्कर. त्यांनी विंचूदंशाचे रोगी रात्र-रात्र खाटेशेजारी बसून पाहिले आणि कुठलं लक्षण कधी येतं ते टिपलं. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट' या विलायतेतल्या वैद्यकीय नियतकालिकात आली. पुढे त्यांनी प्राझोसिन वापरायला सुरुवात केली. रक्तदाबाची स्वस्तातली गोळी. विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर भार पडतो. प्राझोसिन नेमकी तीच आवळलेली गाठ सोडवते. मृत्यूचं प्रमाण शेकड्यामागे एखाद-दुसऱ्यावर आलं.

मी ही गोळी एमबीबीएसला शिकलो नाही. जिल्हा शाखेच्या एका सीएमईत, म्हणजे डॉक्टरांच्या पदवीनंतरच्या शिक्षणाच्या सभेत शिकलो. सरकारी रुग्णालयातून आलेल्या एका वैद्यकीय अधिकाऱ्याने फळ्यावर खडूने तासांचा तक्ता काढला होता: पहिल्या तासात काय बघायचं, तिसऱ्यात काय, गोळी पुन्हा कधी द्यायची, रोग्याला एकदम उठवून का बसवायचं नाही. तो तक्ता मी एका केसपेपरच्या मागे उतरवून घेतला. तो कागद कित्येक वर्षं माझ्या टेबलाच्या काचेखाली होता. 'लॅन्सेट' आमच्या तालुक्यात येत नव्हतं. त्यातलं ज्ञान आमच्यापर्यंत आलं ते असं, एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कागदावर.

ही गोष्ट तिथे संपली नाही, म्हणून ती मला जास्त मोलाची वाटते. प्लेगसाठी उभ्या राहिलेल्या त्याच हाफकिनच्या परंपरेतून विंचवावरची प्रतिविषाची लसही आली. मग प्रश्न पडला की नुसती गोळी चांगली, की गोळी आणि लस मिळून. महाडमध्ये ७० रोग्यांवर रीतसर चाचणी झाली. दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत सावरले, नुसत्या गोळीवरच्या ३५ पैकी ८. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २०११ मध्ये ती छापली. ज्यांचं नाव गोळीशी जोडलं गेलं होतं, त्यांनीच तिच्यात भर घातली.

असंच गडचिरोलीत झालं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होते. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये आलं. आमच्या डेलिगेट फीच्या तक्त्यात या बायकांसाठी रकाना नसतो. तो असायला हवा, असं मी दर बैठकीत म्हणतो.

'विभागीय' शब्दाला अर्थ कसा येतो ते माकडतापाने शिकवलं. १९५७ मध्ये हा ताप कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूरच्या जंगलात सापडला आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा विषाणू ओळखला. पुढची कित्येक वर्षं तो आम्हाला परक्या मुलखातला रोग वाटायचा. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत रुग्ण सापडले, २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गला. जंगलातल्या गोचिडीला राज्याची सीमा नसते. कर्नाटकचे डॉक्टर ज्या रोगाशी पन्नास-साठ वर्षं झुंजत होते, त्याची माहिती शेजारच्या तालुक्यात नव्हती. सीमेच्या दोन्ही बाजूंचे डॉक्टर एका हॉलमध्ये बसले की कामाची एखादी ओळ हाताला लागते: हिवाळा-उन्हाळ्यात तापाचा रोगी आला तर आधी विचारा, काजूच्या बागेत किंवा रानात गेला होतात का, रानात माकडं मेलेली दिसली का. हा प्रश्न मुंबईच्या मोठ्या परिषदेत कुणी शिकवत नाही.

मग पॉइंट कधी आले? मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००२ च्या आचारसंहितेत पाच वर्षांत ३० तासांचं शिक्षण आणि त्यावर फेरनोंदणी असं घातलं गेलं. आपल्या राज्याच्या कौन्सिलने ते पॉइंटमध्ये बसवलं. परिषदेला आधी मान्यता घ्यायची, कौन्सिलचा निरीक्षक येणार, हजेरी तपासणार. सक्तीमुळे जे कधीच आले नसते तेही आले, हे मी नाकारत नाही. पण खर्चही वाढला आणि तो औषध कंपन्यांकडून येऊ लागला. एका परिषदेत मी दुपारभर बसलो होतो. तीन व्याख्यानं, तिन्ही एकाच जातीच्या महागड्या गोळीवर, आणि बाहेर त्याच गोळीचा स्टॉल. डिसेंबर २००९ मध्ये मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटी, प्रवास आणि पाहुणचार घ्यायला मनाई केली. ऑगस्ट २०२३ मध्ये आणखी कडक नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले. मार्च २०२४ मध्ये केंद्राने कंपन्यांसाठी आचारसंहिता काढली. दरम्यान कोविडने वेबिनार आणले आणि घरबसल्या पॉइंट मिळू लागले. घाटावरच्या डॉक्टरला गाडी काढावी लागत नाही, ही सोय खरी. पण तक्ता उतरवून घेताना शेजारचा म्हणाला होता, "अरे, माझ्याकडे गेल्या आठवड्यात असाच एक पोरगा आला होता." पडद्यासमोर तो शेजारचा नसतो.

परिषदेच्या वेळापत्रकात 'फ्री पेपर' नावाचं एक सत्र असतं. गावातल्या, तालुक्यातल्या डॉक्टरांनी आपापले रोगी मांडायचे ते हे सत्र. बहुतेक ठिकाणी ते दुपारी जेवणानंतर, वरच्या छोट्या खोलीत ठेवतात. ऐकायला मांडणारा, त्याची बायको आणि अध्यक्ष. मोरहेडच्या सभेचं जे मुख्य काम होतं ते आपण जिना चढून वर नेऊन ठेवलं.

या वर्षी आमच्या शाखेत यावर दोन बैठका वादावादी झाली. शेवटी फ्री पेपर सकाळी साडेनऊला, मोठ्या हॉलमध्ये घ्यायचे ठरले. पाहुण्या वक्त्यांचं सत्र त्यानंतर. प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या परिचारिकांना फी माफ आहे आणि दोन पेपर मराठीत आहेत. पहिला फुरशाच्या दंशावर आहे: दंशानंतर कुठल्या तासाला रक्त गोठायचं थांबतं, ते काचेच्या साध्या परीक्षानळीत वीस मिनिटं रक्त ठेवून कसं ओळखायचं. मांडणारी मुलगी एका आरोग्य केंद्राची वैद्यकीय अधिकारी आहे, नोकरीला दीड वर्ष झालंय. तिने विचारलं, "सर, स्लाइड किती ठेवू?" मी म्हटलं, स्लाइड नसल्या तरी चालतील, परीक्षानळी घेऊन ये.