उपग्रह-निरीक्षण आणि शेतजमिनीची खासगी माहिती

उपग्रहाच्या चित्रांवरून पीक, पाणी, बांधकाम ओळखून त्या आधारे निर्णय घेताना हक्कांचे आणि पुराव्याचे जे प्रश्न उभे राहतात, त्यांचा हा विषय. मराठवाड्यात ते मुख्यतः पीकविमा आणि जमिनीची हद्द यांच्या निमित्ताने येतात.

वरून पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ३ डिसेंबर १९८६ रोजी दूरसंवेदनाची, म्हणजे अंतराळातून पृथ्वीचे निरीक्षण करण्याची, १५ तत्त्वे मान्य केली. ज्या देशाची चित्रे घेतली, त्याला ती भेदभावाविना, वाजवी दरात मिळावीत, असे त्यांत आहे. हा हक्क देशाचा आहे, शेतकऱ्याचा नव्हे. शिवाय तत्त्वे बंधनकारक नाहीत.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या मोफत मिळणाऱ्या चित्रातला एक चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. त्यात माणूस दिसत नाही. पण तोच चौकोन गट नंबरला, गट नंबर सातबाऱ्यावरच्या नावाला आणि नाव बँक खात्याला जोडले, की कोणी काय पेरले, कोणाचे बुडाले हे उघड होते. खरा धोका या जोडणीत आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या व्याख्येनुसार ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते ती वैयक्तिक माहिती. खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजीच सांगितले आहे.

चुका कुठे होतात? ५० बाय ४० मीटरच्या, सुमारे २० गुंठ्यांच्या तुकड्यात २० चौकोन बसतात. त्यांपैकी १४ कडेचे. तिथे बांधावरची बाभूळ, शेजाऱ्याचे पीक मिसळते. निर्भेळ उरतात सहाच. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतील तर तेही सरमिसळ दिसतात. ऐन खरिपात ढग आडवे येतात. रडार ढगांपार पाहते, पण त्याचे चित्र वाचायला जाणकार लागतो.

म्हणून निर्णयावर हरकत घेताना उपग्रहाचे नाव, चित्राची तारीख, चौकोनाचा आकार आणि ढगांचे प्रमाण लेखी मागावे. पिकाचे तारखेसह फोटो आणि पंचनाम्याची प्रत जोडावी. न्यायालयात नुसती छापील प्रत पुरत नाही: भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, आणि त्यात मूळ फाइलचे हॅश मूल्य (फाइलवरून काढलेला, तिच्यात बदल झाला की बदलणारा सांकेतिक आकडा) नोंदवावे लागते.

बांधाच्या वादात तर उपग्रह-चित्रावर भिस्त ठेवूच नये. गावनकाशा चित्रावर बसवताना काही मीटर सरकू शकतो, आणि भावकीतले भांडण अनेकदा हातभर जमिनीचेच असते. तिथे भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच करून घ्यावी लागते.