पिवळा कागद आणि चार तुटलेले दुवे

परवा एका परिचितांनी शाळेच्या जुन्या हजेरीपत्रकाचं पान मोठ्या कौतुकाने दाखवलं. कडक प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट केलेलं. म्हणाले, "आता शंभर वर्षं बघायला नको." माझ्या पोटात गोळा आला.

कागद वयाने आणि हवेने जीर्ण होतो, असा आपला समज. मग हवा कोंडली की झालं! पण चिंध्यांच्या लगद्यापासून केलेले चारशे वर्षांपूर्वीचे कागद आजही निर्धास्तपणे उलटता येतात आणि १९२० च्या वर्तमानपत्राचा घडीवर चुरा होतो. दोष वयाचा नाही, जन्माचा आहे.

शाई पसरू नये म्हणून कागदाला खळ लागते. पूर्वी ती प्राण्यांच्या सरसाची असे. १८०७ मध्ये मोरित्झ इलिग या जर्मन माणसाने राळ आणि तुरटीच्या जातीचा क्षार वापरायची स्वस्त कृती मांडली. १८४४ च्या सुमारास फ्रीडरिश केलरने लाकूड दगडावर घासून लगदा करायची युक्ती काढली. कागद स्वस्त झाला आणि त्याच काळात जन्ममृत्यूच्या नोंदी, सभांची इतिवृत्तं, पावत्या यांचा सुकाळ झाला. तहनाम्यांना उंची कागद मिळाला. सामान्य माणसाचं नाव जिथे एकदाच उमटतं, त्या नोंदवहीला मात्र सगळ्यांत हलका.

आता खरी गंमत. कागदाचा तंतू म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या कड्यांची लांब साखळी. दोन कड्यांमध्ये ऑक्सिजनच्या एका अणूचा दुवा असतो. तुरटीच्या क्षारापासून, हवेतल्या दमटपणामुळे, आम्ल तयार होतं. आम्लाचा हायड्रोजन आयन त्या ऑक्सिजनला चिकटतो, दुवा सैल होऊन तुटतो, तुटल्या टोकाला पाण्याचा रेणू जोडला जातो आणि आयन सुटून पुढचा दुवा धरायला मोकळा. म्हणजे आम्ल खर्चच होत नाही! उलट सेल्युलोज झिजताना फॉर्मिक, ॲसेटिक अशी नवी आम्लं जन्मतात, ती पहिल्याच्या मदतीला येतात.

हिशेब करून पाहा. हजार कड्यांच्या साखळीत ९९९ दुवे. त्यातले फक्त चार तुटले तरी पाच तुकडे होतात, सरासरी लांबी दोनशेवर येते. दोन-तीनशेच्या आसपास कागद ठिसूळ होतो. अर्धा टक्काही दुवे गेलेले नसतात, वजनात फरक नसतो, अक्षर स्वच्छ दिसतं, पण घडी घातली की कटकन तुटतो.

हे आम्ल शेजाऱ्यालाही सोडत नाही. वहीत वर्तमानपत्राचं कात्रण वर्षानुवर्षं राहिलं, तर समोरच्या चांगल्या पानावर त्याच आकाराचा तपकिरी चौकोन उमटतो.

जाता जाता, 'पाचशे वर्षांपूर्वीचं भविष्य' म्हणून पिवळ्या पानांचे फोटो फिरतात. पिवळेपणा हा प्राचीनतेचा दाखला नव्हे. लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निनला, म्हणजे लाकडाचे तंतू घट्ट धरून ठेवणाऱ्या द्रव्याला, ऊन मिळालं तर कालचं वर्तमानपत्रही थोड्या दिवसांत पिवळं पडतं.

उपाय आहेत. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमच्या क्षारांनी आम्ल मारता येतं, पण ते काम जाणकाराचं, आणि तुटलेले दुवे त्याने जुळत नाहीत. आपल्या हातात आहे ती थंड, कोरडी, अंधारी जागा. तापमान दहा अंशांनी उतरलं की ही झीज निम्म्याने, कधी त्याहूनही मंदावते. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की बुरशी आलीच. टाचण्या काढा, कारण गंजातलं लोखंड झीज वाढवतं. चिकटपट्टी नको. आम्लमुक्त कागदाचं पाकीट करा, वर लिहायचं ते शिसपेन्सिलीने. स्कॅन जरूर करा, पण स्कॅन झालं म्हणून मूळ पान रद्दीत घालू नका. कागदाचा पोत, शाईची खोड, जलचिन्ह पडद्यावर धड उतरत नाही.

आणि लॅमिनेशन? उष्णतेने वितळलेला चिकट थर तंतूंत मुरतो, कागदाला धक्का न लावता तो काढणं जवळपास अशक्य. वर बाहेर पडू पाहणारी आम्लं आतच कोंडली जातात. परिचितांना एवढंच म्हटलं, की आजच दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. मागच्या कोऱ्या बाजूला कुणा मास्तरांनी खडूच्या पेट्यांची बेरीज मांडली होती, ती त्यांनी तोवर पाहिलीच नव्हती.